रक्त न येणं हीच बातमी

हिरड्यांच्या आत खोलवर सफाई झाली, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग झालं, की सहा ते बारा आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा बोलावतात. बरेच जण जातच नाहीत. दुखत नाही, मग कशाला? पण पायरिया पुढे सरकतो तोही बहुधा न दुखताच.

गेलात, तर खुर्चीत पडल्या पडल्या आकडे ऐकू येतील : तीन, दोन, तीन, पाच... मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच सरकवून खोली मोजतात. एका दाताभोवती सहा जागा. अठ्ठावीस दात असतील तर १६८ आकडे! तीनपर्यंत ठीक, त्याहून खोल फटीला 'पॉकेट' म्हणतात.

आता गंमत बघा. पॉकेट ६ वरून ४ वर आलं, तर २ मिलिमीटर भरून आलं का? तसंच काही नाही. सूज उतरली की हिरडी आक्रसते. 'क्लीनिंगनंतर दातांत फटी पडल्या' ही तक्रार त्यातूनच येते. फट आधीचीच असते, किटण आणि सुजेने ती झाकलेली असते. उलटही होतं : हिरडी २ मिलिमीटर सरकली, तिची दातावरची आतली पकडही तेवढीच सुटली, तर पॉकेटचा आकडा होता तिथेच राहतो. म्हणून खरा हिशोब दातावरचं इनॅमल जिथे संपतं त्या रेषेपासून करतात, कारण ती रेषा हलत नाही.

त्यात हाताचा दाब थोडा बदलला तरी मिलिमीटरभर फरक पडतो. एका मिलिमीटरने लगेच घाबरू नये. दोनचा फरक मात्र सहसा खरा मानतात. एक्स-रे इथे फार मदत करत नाही, दात धरून ठेवणाऱ्या हाडाची बरीच झीज झाल्यावरच तो बोलतो.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती साधी खूण : प्रोब लावल्यावर रक्त येतं का? स्वित्झर्लंडच्या निकलाउस लांग आणि सहकाऱ्यांनी सफाईनंतरच्या रुग्णांवर अडीच वर्षं नजर ठेवली आणि १९९० मध्ये निष्कर्ष मांडले. दर भेटीत रक्त न येणाऱ्या जागांपैकी ९८ टक्के स्थिर राहिल्या. उलट रक्त आलं म्हणजे तिथे आजार वाढणारच, असं मात्र मुळीच नव्हतं. सिगारेट ओढणाऱ्यांनी या खुणेवर विसंबू नये. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आत आजार असला तरी.

वेगही सगळ्यांचा सारखा नसतो. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांना १९७० पासून पंधरा वर्षं संशोधक तपासत राहिले. ना ब्रश, ना उपचार. तरी ८ टक्क्यांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही. म्हणूनच एकाला तीन महिन्यांनी बोलावतात, दुसऱ्याला वर्षाने. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर तारीख अलीकडची मिळते.