कुरणावर पाइन का आला: न्यूझीलंडच्या कार्बन-वनांचा हिशेब

न्यूझीलंडमध्ये कार्बनसाठी झाडे लावणाऱ्याला आधी एक तारीख पाठ करावी लागते: 31 डिसेंबर 1989. क्योटो या हवामान कराराचे आधारवर्ष 1990, म्हणून त्या तारखेनंतर मोकळ्या जमिनीवर उभे राहिलेले वनच ‘नवे’ ठरते. 2008 साली कार्बन व्यापार योजना सुरू झाली ती वनांपासूनच. झाडांनी 1 टन कार्बन डायऑक्साइड शोषला की मालकाला 1 युनिट, म्हणजे कार्बन सोडणाऱ्यांना विकता येणारे प्रमाणपत्र.

लागवड त्याआधीही होतच होती. 1994 मध्ये सुमारे 98 हजार हेक्टरवर नवी झाडे लागली, पण ती लाकडाला चढा भाव मिळेल या आशेने. योजना आल्यावर तसा जोर लगेच दिसला नाही.

अडचण तोडीची होती. रेडिएटा पाइन, म्हणजे इथला मुख्य लागवडीचा पाइन, साधारण 28व्या वर्षी तोडतात. ओंडके रानाबाहेर गेले की त्यांतला कार्बन सुटला असे धरायचे. बुंधे, मुळे आणि पडलेल्या फांद्यांतला पुढच्या 10 वर्षांत समान हप्त्यांनी वजा करायचा. म्हणजे मिळालेली बहुतेक युनिटे परत भरायची. ती आधीच 10 न्यूझीलंड डॉलरला विकून टाकली असतील आणि तोडीच्या वर्षी भाव 60 असेल, तर लाकडाचा नफा त्यातच जिरतो. जाणते मालक म्हणून थोडीच युनिटे विकत, बाकीची राखून ठेवत. त्यात परदेशी स्वस्त युनिटांचा पूर आला आणि 2013च्या सुमारास भाव 2 डॉलरच्या आसपास घसरला. एवढ्या भावात रोपांचा खर्चही निघत नाही.

2015च्या मध्यात परदेशी युनिटे बंद झाली. 2022 मध्ये भाव 80 डॉलरच्या वर गेला. 2023पासून तोडीच्या नव्या वनांना सरासरीचा नियम लागला. रेडिएटाला 16व्या वर्षापर्यंतच युनिटे मिळतात, कारण लागवड-तोडीच्या अनेक फेऱ्यांची सरासरी तेवढीच भरते. पुन्हा लागवड केली तर तोडीनंतर परतफेड नाही. पूर्ण तोड 50 वर्षे करायची नसेल तर कायम वनाचा वेगळा वर्ग आहे.

जोखीम गेली, भाव आला, आणि मेंढ्यांची कुरणे पाइनखाली जाऊ लागली. देशी झाडे मागेच राहिली, याचे वाईट वाटते. 100 हेक्टरपेक्षा लहान वनांची वाढ सरकारी तक्त्यांवरून धरतात. रेडिएटाला 9 प्रदेशांचे वेगळे तक्ते, देशी वनाला साऱ्या देशासाठी एकच; म्हणजे जिथे ते चांगले वाढते तिथेही आकडा तोच. शिवाय देशी झाडे सावकाश वाढतात आणि रोपे महाग पडतात. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने चांगल्या शेतजमिनीवरच्या नव्या वननोंदणीवर मर्यादा जाहीर केल्या.