जुनी अँबॅसेडर आणि तापणारे इंजिन

‘जुन्या अँबॅसेडरचे मूळ इंजिन मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकत नाही; मोठे इंजिन बसवा, गाडी तापायची थांबेल,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे.

गाडी तापते हे खरे, पण दोष बहुधा १४८९ सीसीच्या त्या इंजिनाचा नसतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून आत बोट फिरवावे. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले असेल, तर पांढरी खरखरीत पुटे हाताला लागतात. हाच क्षार नळ्यांत साचला की पाणी खेळत नाही. मोठे इंजिन साधारणपणे अधिक उष्णता निर्माण करते, त्यामुळे तोच तुंबलेला रेडिएटर ठेवला तर त्रास वाढतो. शिवाय ब्रेक आणि गिअरबॉक्स जुन्याच ताकदीचे राहतात.

म्हणून आधी रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) व पंख्याचा पट्टा पाहावा, मग चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, मोजावे. ते पुरेसे आणि जवळपास सारखे भरले, तर इंजिन बदलण्याचे कारण उरत नाही. बदलायचेच झाल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याची नोंद आरसी पुस्तकात व्हावी लागते, आणि पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल तर इंजिनात फेरफार केलेला चालत नाही.