सरकारी खर्चकपात (भारत)

कर्ज कमी करण्यासाठी, किंवा निदान ते वाढण्याचा वेग रोखण्यासाठी, सरकारने आपल्या कोणत्या खर्चाला कात्री लावावी याविषयीचा वाद आणि त्यातून होणारे निर्णय. कर वाढवणे, सरकारी मालमत्ता विकणे, अर्थव्यवस्था मोठी होऊन कर्जाचे प्रमाण आपोआप घटणे हे कर्जावरचे बाकीचे उपाय. वाद मात्र खर्चावरच सर्वांत जास्त होतो, कारण प्रत्येक खर्च ही कोणाची तरी मिळकत असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः केंद्र सरकारचा आणि त्याच्या जोडीने महाराष्ट्राचा विचार केला आहे.

कात्री चालते कुठे

केंद्रीय अर्थसंकल्पासोबत दरवर्षी 'रुपया कसा येतो, कसा जातो' याची वर्तुळे छापली जातात. २०२५-२६ च्या वर्तुळात २२ पैसे राज्यांच्या करवाट्याला, २० पैसे व्याजाला, ८ पैसे संरक्षणाला, ६ पैसे अनुदानांना आणि ४ पैसे निवृत्तिवेतनाला गेलेले दिसतात. राज्यांचा वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीने ठरतो. व्याज थकवले तर पुढचे कर्ज मिळणार नाही. निवृत्तिवेतन आधीच देऊ केलेले आहे आणि संरक्षणखर्च कमी करा असे जाहीरपणे म्हणणारा पक्ष शोधून सापडत नाही. म्हणजे ५४ पैसे वाद सुरू होण्याआधीच बाजूला पडतात. उरलेल्यात पगार, शाळा, रस्ते, रेल्वे, रोजगार आणि घरकुले.

व्याजाचे गणित तर आणखी बोलके आहे. त्या वर्षीच्या अंदाजात केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये, राजकोषीय तूट, म्हणजे नव्याने काढायचे कर्ज, १५.६९ लाख कोटी आणि व्याज १२.७६ लाख कोटी. जुन्या सावकाराचे व्याज भागवायला नवा सावकार गाठावा, तसा हा प्रकार. व्याज वगळून उरणाऱ्या तुटीला प्राथमिक तूट म्हणतात. ती ३ लाख कोटींच्या आतच आहे. त्यामुळे 'सरकार उधळपट्टी करते' हा आरोप आजच्या खर्चापेक्षा कालच्या खर्चाला अधिक लागू पडतो. एक फरक मात्र महत्त्वाचा. हे कर्ज बहुतांश रुपयांत आणि देशातल्याच बँका, विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह निधींकडून घेतलेले आहे.

कायद्याच्या भाषेत व्याज हा 'भारित' खर्च आहे. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक लेखाशीर्षापुढे 'दत्तमत' किंवा 'भारित' असे लिहिलेले असते. दत्तमत खर्चाला सभागृहाची मंजुरी लागते. भारित खर्चावर चर्चा करता येते, मतदान नाही. दत्तमत मागण्यांवर लोकसभेत कपात सूचना देता येते. धोरण अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणा, काटकसर हवी असेल तर अमुक रकमेने कमी करा, गाऱ्हाणे मांडायचे असेल तर १०० रुपयांनी कमी करा, अशा तिच्या तीन तऱ्हा. अशी सूचना मंजूर झाली तर तो सरकारवरचा अविश्वास ठरेल, म्हणून पक्षादेश निघतो आणि सूचना पडते. बऱ्याचशा मागण्या तर शेवटच्या दिवशी 'गिलोटिन' लावून चर्चेविनाच संमत होतात. सभागृहात कपातीचे भाषण होते. कपात ठरते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वित्त मंत्रालय चालू वर्षाच्या सुधारित अंदाजासाठी एकेका खात्याला बोलावते तेव्हा.

पूर्वपीठिका

हा वाद स्वातंत्र्यापेक्षा जुना आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी हिंदुस्थानच्या तिजोरीवरील लष्करी खर्च आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगार-पेन्शनींचा बोजा यांवर बोट ठेवले. पहिल्या महायुद्धानंतर तूट वाढली तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९२३ मध्ये सुमारे १९ कोटी रुपयांची कपात सुचवली आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग लष्करावर टाकला. १९३१ च्या मंदीत सरकारी पगारच १० टक्क्यांनी कापले गेले. पुढच्या एकाही सरकारला हे धाडस झालेले नाही. २०२० मध्ये केंद्राने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवून सुमारे ३४,४०० कोटी रुपये वाचवले, पण मूळ पगाराला हात लावला नाही.

१९९१ आणि नंतर

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन आटले आणि सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवावे लागले. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवल्या. दोन आठवड्यांच्या आत त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी त्यांना मागे रेटले. वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना तिच्यातून वगळले गेले. देशाचे सोने गहाण पडलेले असतानाही खताचे अनुदान एवढेच हलले, ही गोष्ट नंतरच्या प्रत्येक अर्थमंत्र्याने लक्षात ठेवलेली दिसते. त्या वर्षी तूट कमी झाली खरी, पण त्यात भांडवली खर्चावरील कपातीचा हात मोठा होता.

पाचव्या वेतन आयोगाची गोष्ट याच माळेतली. आयोगाने १९९७ मध्ये पगारवाढीबरोबर दहा वर्षांत ३० टक्के कर्मचारी कमी करण्याची शिफारस केली होती. सरकारने पगारवाढ दिली, कर्मचारीकपात फायलीत राहिली.

राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायदा २००३ मध्ये झाला. तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांवर आणायची आणि महसुली तूट, म्हणजे पगार-व्याजासारख्या चालू खर्चाला महसूल जेवढा कमी पडतो ती, शून्य करायची, असे त्याचे लक्ष्य होते. २००७-०८ मध्ये ते आवाक्यात आले होते. पुढच्याच वर्षी शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग आणि जागतिक मंदी एकदम आली आणि तूट दुपटीहून वर गेली. २०१२ मध्ये पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने सरळच सांगितले की अनुदाने, विशेषतः डिझेलचे, कापल्याशिवाय गत्यंतर नाही. यानंतर जे झाले ते खर्चकपातीचे बहुधा सर्वांत यशस्वी भारतीय उदाहरण आहे. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे ५० पैशांनी महाग होत गेले. एकदम पाच रुपये वाढले असते तर चक्काजाम झाला असता. ५० पैशांसाठी कोण रस्त्यावर उतरणार? ऑक्टोबर २०१४ मध्ये, जागतिक तेलाचे भाव कोसळत असताना, दर खुले केले गेले. २०१२-१३ मध्ये जवळपास ९७ हजार कोटी असलेले पेट्रोलियम अनुदान २०२५-२६ च्या अंदाजात १२ हजार कोटींवर आलेले दिसते.

स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान तर न सांगताच गेले. २०१५ मध्ये 'गिव्ह इट अप' म्हणून आवाहन झाले आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते आपणहून सोडले. ज्यांनी सोडले नाही त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बँक खात्यात २०२० च्या उन्हाळ्यानंतर काही जमा होईनासे झाले. उज्ज्वला योजनेतल्या, म्हणजे गरीब घरांतल्या, ग्राहकांना मे २०२२ पासून वेगळे अनुदान सुरू झाले. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत, पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे 'स्थगित' झाली. गाड्या परत धावू लागल्या, गर्दी परतली, सवलत २०२५ संपेपर्यंत तरी परतली नव्हती.

युरियाचे पोते

खर्चकपात इतकी अवघड का, हे कृषी सेवा केंद्रातल्या युरियाच्या पोत्यावरून जितके कळते तितके अर्थसंकल्पाच्या भाषणावरून कळत नाही. ४५ किलोच्या पोत्याचा दर कर आणि कडुलिंबाचा लेप धरून २६६ रुपये ५० पैसे. तयार करण्याचा किंवा आयात करण्याचा खर्च याच्या कित्येक पट, आणि मधला फरक केंद्र भरते. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांचे अनुदान पोत्यातल्या अन्नद्रव्याच्या किलोमागे बांधून दिले गेले, त्यांच्या किमती वाढल्या. युरिया मात्र राजकीय धोक्यापोटी वगळला गेला. परिणाम असा की डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या एका पोत्याच्या, म्हणजे १,३५० रुपयांच्या, भावात युरियाची पाच पोती येतात. शेतकरी हिशेबी असतो, तो युरियाच जास्त टाकतो. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे ४:२:१ हे सांगितलेले प्रमाण बिघडते, जमीन बिघडते, अनुदानही वाढते.

दर वाढवणे शक्य नव्हते, म्हणून पोते लहान झाले. पूर्वी ते ५० किलोचे होते, २०१८ मध्ये ४५ किलोचे आले. शेतकरी खत किलोत नाही, पोत्यात मोजतो. एकरी एक पोते टाकायची सवय तशीच राहिली तर वापर आपोआप दहावा हिस्सा कमी होईल, असा त्यामागचा हिशेब. अनुदानाला हात न लावता अनुदान वाचवण्याची ही युक्ती हुशारीची आहे यात शंका नाही. तरीही २०२५-२६ मध्ये खतांवरचे अनुदान सुमारे १.६८ लाख कोटी रुपये धरले होते.

अन्नधान्याचे अनुदान त्याहून मोठे, २.०३ लाख कोटी. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ मध्ये अन्नसुरक्षेचे छत्र ६७ टक्के लोकसंख्येवरून ४० टक्क्यांवर आणावे असे सुचवले. घडले उलटे. जानेवारी २०२३ पासून दोन-तीन रुपये किलोचे धान्यही फुकट झाले. त्याआधी हा खर्च ताळेबंदाबाहेर ठेवायची पद्धत होती. अन्न महामंडळ अल्पबचत निधीतून उसने घेई आणि केंद्राची तूट कागदावर कमी दिसे. २०२०-२१ मध्ये ही उसनवारी फेडून टाकली तेव्हा त्या एका वर्षाचे अन्न अनुदान ५.४ लाख कोटींवर गेले. अशा कपातीला कपात म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

प्रतीकात्मक काटकसर

वित्त मंत्रालय दर काही वर्षांनी काटकसरीचे परिपत्रक काढते. पंचतारांकित हॉटेलांत बैठका नकोत, नव्या गाड्या नकोत, परदेशवारी वरच्या वर्गाने नको. २००९ मध्ये प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना मंत्र्यांनी साध्या वर्गाने विमानप्रवास करावा असा आग्रह धरला गेला. परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी त्या वर्गाला 'कॅटल क्लास' म्हटले आणि देशभर आठवडाभर चर्चा झाली ती गुरांची, तुटीची नव्हे. २०२० मध्ये खासदारांच्या पगारात ३० टक्के कपात झाली आणि स्थानिक विकास निधी दोन वर्षांसाठी थांबवून ७,९०० कोटी वाचवायचे ठरले. व्याजाच्या आकड्यापुढे ही रक्कम चिमूटभर. अशा उपायांचा उपयोग बहुधा नैतिक असतो. इतरांना पोट आवळायला सांगणाऱ्याचा पट्टा आधी आवळलेला दिसावा लागतो.

कापले जाते ते

प्रत्यक्षात सर्वांत आधी कापला जातो तो भांडवली खर्च, रिक्त पदे आणि देखभाल. सुरू न झालेल्या पुलासाठी कोणी मोर्चा काढत नाही आणि न झालेल्या भरतीचा उमेदवार अजून कर्मचारी नसतो. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने विकास योजनांचा खर्च ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला, आरोग्यासारखी मोजकी खाती वगळून नवी भरती आणि नवी बांधकामे थांबवली. दुसरी पद्धत उशीर करण्याची. देयके अडवून धरायची, निधी मार्चअखेरीस सोडायचा. हिशेबात खर्च दिसत नाही, कंत्राटदाराच्या वहीत मात्र तो उधारी म्हणून चढतो.

अर्थशास्त्रज्ञांचा बराचसा आक्षेप या सवयीलाच आहे. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात भांडवली खर्चाचा गुणक सुमारे २.४५ आणि थेट वाटपाचा १ च्या किंचित खाली निघाला. म्हणजे रस्त्यावरचा रुपया कापला की उत्पन्न दोन रुपयांहून अधिक घटते आणि कर्जाचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण सुधारण्याऐवजी बिघडू शकते. याच युक्तिवादाने केंद्राने आपला भांडवली खर्च २०१९-२० मधील सुमारे ३.४ लाख कोटींवरून २०२५-२६ मध्ये ११.२१ लाख कोटींच्या अंदाजापर्यंत नेला. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की रेशन आणि रोजगार हमीवरचा रुपया गुणकात लहान असला तरी ज्याच्या घरात तो जातो तिथे त्याला पर्याय नसतो. हा वाद आकड्यांनी मिटणारा नाही.

महाराष्ट्रात तो आता 'लाडकी बहीण' योजनेभोवती फिरतो. दरमहा १,५०० रुपयांच्या या योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद होती. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,९०० कोटी आणि राज्याचे कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज होता. योजना बंद करण्याची भाषा कोणी करत नाही. पात्रतेची छाननी होते, ई-केवायसी मागितले जाते आणि इतर खात्यांचा पैसा वळतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच आपल्या खात्याचा निधी वळवल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली.

निवृत्तिवेतन

पुढच्या पिढीवर टाकलेली कपात म्हणून नव्या निवृत्तिवेतन योजनेकडे पाहावे लागते. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी हमीचे निवृत्तिवेतन बंद केले. तेव्हा कोणी फारसे ओरडले नाही, कारण ज्यांचे गेले ते अजून नोकरीला लागायचे होते. मार्च २०२३ मध्ये तेच कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संपावर गेले. रुग्णालये आणि शाळांपासून पंचनाम्यांपर्यंत सगळे अडले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २५ वर्षे सेवेवर ५० टक्के हमी देणारी एकीकृत योजना मंजूर केली आणि महाराष्ट्राने लगोलग ती स्वीकारली.

३१ मार्च २०३१ पर्यंत कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणण्याचे केंद्राने ठरवले आहे. २०२५-२६ चा अंदाज ५६.१ टक्के होता. त्याच मुदतीत न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाच्या शिफारशी यायच्या आहेत. आयोगाच्या कार्यकक्षेत बिगर-अंशदायी, म्हणजे कर्मचाऱ्याच्या पगारातून वर्गणी न कापता दिल्या जाणाऱ्या, निवृत्तिवेतनाच्या 'निधी नसलेल्या खर्चा'चा उल्लेख आहे आणि कर्मचारी संघटनांनी त्या शब्दांवर आक्षेप घेतला आहे.