मीटिंग की वेबिनार? माणसं नव्हे, बोलणारे मोजा

"ऐंशी-नव्वद माणसं येणार आहेत, म्हणजे वेबिनारच घ्यायला हवा ना?" ऑनलाइन कार्यक्रम ठरला की हा प्रश्न येतोच. त्यावर मी उलट विचारतो: त्यांतले बोलणार किती?

मीटिंग म्हणजे सगळ्यांनी गोल करून बसणं. प्रत्येकाकडे माइक, प्रत्येकाकडे कॅमेरा, आणि प्रत्येकाला बाकीचे दिसतात. वेबिनार म्हणजे व्यासपीठ आणि समोर अंधारात बसलेला श्रोतृवर्ग. व्यासपीठावरचे दोन-चार जण बोलतात. श्रोत्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद, आणि शेजारी कोण बसलंय तेही त्यांना कळत नाही. प्रश्न असेल तर लिहून पाठवायचा, नाहीतर हात वर करून वाट पाहायची. गोंधळ होतो तो यामुळे, की दोन्हींचं ॲप एकच, लिंक सारखीच दिसते आणि दाबायचं बटणही तेच.

एका व्याख्यानाची तांत्रिक बाजू मी सांभाळत होतो. साध्या मीटिंगमध्ये ऐंशीच्या आसपास लोक. वक्त्या रंगात आल्या होत्या, आणि मधेच एका श्रोत्याचा माइक उघडा राहिला. ते घरातल्या कुणाशी तरी बोलत होते. सॉफ्टवेअर आवाज येईल त्याचा चेहरा मोठा करतं, त्यामुळे सगळ्यांच्या पडद्यावर वक्त्यांच्या जागी ते गृहस्थ आले. मी माइक बंद करेपर्यंत वक्त्या थांबल्या, आणि तुटलेला धागा त्यांना पुन्हा सापडला नाही. आपण बोलत असताना असं झालं तर कसं वाटेल, हा विचार आयोजकांनी आधीच करायला हवा. तिथे वेबिनारच हवा होता.

पण उलटी चूक मला जास्त खुपते, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही. पंधरा जणांचा अभ्यासगट वेबिनारमध्ये बसवला की शिकवणाऱ्याला एकही चेहरा दिसत नाही. कपाळावरची आठी दिसत नाही, मान डोलावलेली दिसत नाही. "कळलं का?" विचारलं तर उत्तरादाखल नुसती शांतता. शिकवणं, निर्णय घेणं, भांडण मिटवणं ही कामं चेहरे पाहिल्याशिवाय होत नाहीत. तिथे दोनशे जण असतील तरी मी मीटिंगच घेईन, लहान गट पाडून.

वेळेचंही एक गणित आहे. संभाषण सहज वाटायला एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. ४०० च्या पुढे गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. मीटिंगची सगळी धडपड हा उशीर कमी ठेवण्यासाठी असते. तोच कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवला तर प्रेक्षकांपर्यंत तो काही सेकंद उशिरा पोहोचतो. ऐकायला त्याने काही बिघडत नाही, प्रश्नोत्तरांना मात्र बिघडतं: उत्तर संपून विषय पुढे गेलेला असतो आणि मागच्या मुद्द्यावरची प्रतिक्रिया आत्ता येते.

सॉफ्टवेअर निवडताना नुसत्या नावावर जाऊ नका. झूममध्ये वेबिनार हा वेगळे पैसे भरून घ्यायचा भाग आहे. फुकटच्या झूममध्ये मिळते ती मीटिंग, १०० माणसं आणि ४० मिनिटं. फुकटच्या गूगल मीटमध्येही १०० माणसं, पण तिघं किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये तर 'वेबिनार' आणि 'टाऊन हॉल' असे दोन प्रकार आहेत, आणि मी वर सांगितलेला अंधारातला श्रोतृवर्ग हवा असेल तर तो टाऊन हॉलमध्ये मिळतो. वेबिनारमध्ये श्रोत्यांना माइक-कॅमेरा देता येतो.

पैसे नसतील तर मधला रस्ता आहे, आणि तीस-चाळीस जणांच्या व्याख्यानाला तो पुरतो. मीटिंगच घ्या. येणाऱ्याचा माइक आपोआप बंद राहील, स्वतःहून उघडता येणार नाही आणि स्क्रीन फक्त यजमानच शेअर करू शकेल, अशा सेटिंग्ज आधी करा. वेटिंग रूम चालू ठेवा, म्हणजे तुम्ही आत घेईपर्यंत येणारा दाराबाहेरच थांबतो. २०२० मध्ये अनोळखी लोक मीटिंगांत घुसून धिंगाणा घालायला लागले, तेव्हा झूमने पासवर्ड आणि वेटिंग रूम मुळातच चालू करून ठेवले. ते बंद करायच्या भानगडीत पडू नका. आणि माइकवर लक्ष ठेवायला वक्त्याखेरीज एक वेगळा माणूस बसवा. बोलता बोलता हे काम होत नाही.

वेबिनारच ठरला असेल तर वक्त्यांना त्यांची स्वतंत्र लिंक ईमेलने मिळाली का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. घाईत ते सगळ्यांना पाठवलेल्या जाहीर लिंकवरून आले, तर थेट श्रोत्यांत जाऊन बसतात. माइक नाही, कॅमेरा नाही, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला श्रोत्यांच्या यादीतून त्यांचं नाव शोधून त्यांना वर आणावं लागतं.