हिशेबाची भाषा

हिशेबाची भाषा : दोन-तीन भाषा सहज बोलणारी माणसेही मनातल्या मनात आकडेमोड करताना बहुधा एकाच भाषेकडे वळतात. पाढे जिच्यात पाठ झाले, ती ही भाषा. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात हे बाजारात रोज पाहायला मिळते. मराठी शाळेत शिकलेला दुकानदार गिऱ्हाइकाशी अस्खलित कन्नड बोलतो, भावही कन्नडमध्ये सांगतो. बेरीज मात्र ओठांतल्या ओठांत मराठीत करतो आणि उत्तर पुन्हा कन्नडमध्ये देतो.

‘सात आठे छप्पन्न’ हे आपण दर वेळी सोडवत नाही, ते कवितेच्या ओळीसारखे आठवते. ही आठवण मुख्यतः डाव्या मेंदूतल्या, भाषेशी निगडित भागांच्या आधाराने येते. दोन ढिगांपैकी मोठा कोणता, हा अंदाज मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्विका खंडांचे, म्हणजे वरच्या-मागच्या भागांचे काम. त्याला शब्द फारसे लागत नाहीत. एलिझाबेथ स्पेल्की आणि सान्ना त्सिवकिन या संशोधकांनी रशियन-इंग्रजी द्विभाषिकांवर केलेले प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाले. नवी अचूक गणिते ज्या भाषेत शिकवली त्याच भाषेत लवकर सुटली. अंदाजाच्या गणितांना भाषा बदलल्याने फरक पडला नाही.

सीमाभागात खरी गफलत होते ती संख्यानामांच्या घडणीमुळे. कन्नडमध्ये दशक आधी येते : ६३ म्हणजे ‘अरवत्तमूरु’, साठ आणि तीन. मराठी ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात. ऐकता ऐकता लिहिणारा हात ३ काढून मोकळा होतो आणि वहीत ३६ उमटतात. एकोणचाळीसचे ४९ होतात, कारण कानात ‘चाळीस’ घुमत असते. त्यात ५९ एकोणसाठ, ८९ एकोणनव्वद, पण ९९ नव्व्याण्णव! जर्मनमध्येही एकक आधी बोलतात आणि तिथली मुलेही असेच अंक उलटे लिहितात. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१, २२ यांसाठी ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले, तेव्हा मोठा वाद झाला. उपाय पटो न पटो, मुलांची अडचण खरी आहे. तिला आळस म्हणणे अन्यायाचे.

मोजताना शेजारी कुणी आकडे बोलले की हातचा निसटतो, कारण तो मनात आवाजाच्या रूपानेच धरलेला असतो. हातचा कागदावर मांडला की हा धोका टळतो. फोन नंबर एकेक अंक करून सांगावा. जोडीने सांगितला तर पूर्ण शब्द कानी पडेपर्यंत पेन टेकवू नये. मुलाचे पाढे आधी एका भाषेत पक्के करावेत. दुसऱ्या भाषेसाठी पाढे नव्याने घोकून घेण्यापेक्षा पाटीवर ४७, ७४, ३९, ९३ असे अंक उलटसुलट दाखवून नाव विचारावे, मग नाव सांगून अंक लिहून घ्यावा.