अपडेटचं बटण येण्याआधी

कोकणातल्या होमस्टेच्या, आंबा बागायतदारांच्या, गावच्या उत्सवाच्या ज्या साईटी स्वतःच्या होस्टिंगवर चालतात, त्यांतल्या बऱ्याच मुळात ब्लॉग लिहिण्यासाठी बनलेल्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर उभ्या आहेत. डॅशबोर्डवर, म्हणजे मालकाला साईट सांभाळायला दिलेल्या आतल्या पानावर, अपडेट आलंय असं दिसलं की बटण दाबायचं, एवढाच मालकाचा त्याच्याशी संबंध. बटण अडकलं की होस्टिंगवाला फोनवर सांगतो, ‘हाताने करा’, आणि तिथे घोडं पेंड खातं. हाताने म्हणजे नेमकं काय, हे कळायला बटणाआधीची पाच-साडेपाच वर्षं पाहावी लागतात.

वर्डप्रेस कोऱ्या पाटीवर लिहिलेलं नाही. मिशेल वाल्द्रिघीने २००१ साली बी-टू नावाचा ब्लॉगचा प्रोग्रॅम केला होता. तो पुढे रखडला. ह्यूस्टनचा १९ वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी तोच कोड हाती घेतला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. कोड कोणीही वापरावा, बदलावा अशी मुभा देणारा जीपीएल परवाना असल्यामुळे कोणाची परवानगी मागावी लागली नाही. वापरणाऱ्यालाही पैसे पडत नव्हते. फक्त निगा ज्याची त्याने राखायची. नवी आवृत्ती आली हेसुद्धा आपणच जाऊन बघायचं.

मग सुरू व्हायचं खरं काम. आधी डेटाबेसचा, म्हणजे साईटचा मजकूर साठवणाऱ्या तक्त्यांचा, बॅकअप. मग सगळी प्लगिन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, बंद. मग एफटीपीचा, म्हणजे सर्व्हरवर फायली ने-आण करण्याचा, प्रोग्रॅम उघडायचा: डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर. (एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ मध्ये आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतल्या अभय भूषण यांनी लिहिला, हे आपल्याकडे फारसं कोणाच्या गावी नसतं.) सर्व्हरवरची ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘इन्क्लूड्स’ ही दोन फोल्डरं उडवायची, नवी चढवायची. ‘कंटेंट’ फोल्डरला हात लावायचा नाही, कारण फोटो, साईटचं रूप ठरवणारी थीम, प्लगिन सगळं त्यातच. ‘कॉन्फिग’ फाईललाही नाही, कारण डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात. शेवटी ‘अपग्रेड’चं पान उघडलं की ते डेटाबेसची मांडणी नव्या आवृत्तीला जुळवून घ्यायचं. क्रम चुकला की कोरं पांढरं पान.

यात कठीण असं काही नव्हतं. अडायचं ते चढवण्यापाशी. २००५ पासून टेलिफोनच्या तारेवरून जे ब्रॉडबँड आलं त्याचा साधा वेग होता २५६ केबीपीएस, तोही उतरवून घेण्याचा. चढवण्याचा त्याहून कमी. शिवाय एफटीपी प्रत्येक फाईल वेगळी पाठवतं, आणि वर्डप्रेसमध्ये लहान लहान फायली शेकड्यांनी. खालच्या पट्टीत एकेक नाव सरकत जायचं, मध्येच एखादं थबकायचं. काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ पर्यंतचा वापर मोजत नसत, म्हणून जाणती माणसं हे काम पहाटे उरकायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर असेच. जुनं फोल्डर उडवलंय, नवं अर्धं चढलंय आणि लाईट गेली, तर साईट बंद ती बंदच. पावसाळ्यात तर गडगडायला लागलं की आधी मोडेमची वायर उपटायची. त्यामुळे अपडेट हे आगोटीच्या कामांतच उरकलेलं बरं असायचं; राहिलं तर थेट गणपतीनंतर.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक भोग आला. वर्डप्रेस ज्या डेटाबेसवर चालतं तो करणारी मायएसक्यूएल कंपनी मूळची स्वीडनची. तिच्या डेटाबेसमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर अक्षरं ‘लॅटिन-१’, म्हणजे रोमन लिपीच्या संचातली, धरली जायची आणि क्रम लागायचा स्वीडिश. वर्डप्रेस युनिकोड मजकूर त्याच तक्त्यांत बिनबोभाट भरत होतं. भरताना आणि काढताना चूक एकच असल्यामुळे ती दिसत नव्हती. मे २००७ मध्ये वर्डप्रेसची २.२ आवृत्ती आली आणि कॉन्फिग फाईलमध्ये अक्षरसंच सांगणारी ओळ आली. जुनी साईट असेल तर ती ओळ घालू नका, अशी सूचना होती. ज्यांनी नमुना फाईल घेऊन नुसता पासवर्ड भरला, त्यांच्या साईटवरचं सगळं मराठी एका फटक्यात गेलं. पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे चार टोकांचं वर्तुळ नाहीतर जपानी येनचं चिन्ह. त्यातही संगती आहे: देवनागरीचं प्रत्येक अक्षर युनिकोडच्या साठवणीत तीन बाइटचं, पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनपैकी एक. व्यंजनांना वर्तुळ; वेलांटी दुसरी, उकार आणि मात्रा यांना येन. मजकूर गेलेला नसायचा, ती ओळ काढली की परत यायचा. पण हे माहीत नसल्याने घाबरून लोकांनी आहे तो डेटाबेस पुसून टाकला असेल, तर नवल नाही. इंग्रजी साईटवाल्यांना याची झळ जवळजवळ लागलीच नाही.

बटण आलं ते सोयीपेक्षा सुरक्षेच्या धास्तीने, असं माझं मत. २००७ च्या मार्चमध्ये उघड झालं की २.१.१ ची मुख्य साईटवरची प्रतच कोणीतरी घुसून बदलली होती. सगळ्यांना २.१.२ चढवायला सांगितलं. म्हणजे पुन्हा तीच एफटीपीची वारी. त्याच सप्टेंबरात २.३ पासून नवी आवृत्ती आल्याची सूचना डॅशबोर्डवर दिसू लागली, मार्च २००८ मध्ये २.५ ने प्लगिनसाठी बटण दिलं आणि डिसेंबर २००८ मध्ये २.७ ने खुद्द वर्डप्रेससाठी. पुढच्याच वर्षी जुन्या आवृत्त्या शोधून त्यांत शिरणारा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, फिरला. ताज्या आवृत्तीवर असलेले सुटले.

बटण करतं तेच जे हाताने व्हायचं. झिप आणतं, सोडवतं, साईटवर ‘थोड्या वेळाने या’ची फाईल ठेवतं, फायली बदलतं, डेटाबेस जुळवतं. फरक एवढाच की झिप थेट सर्व्हरवर उतरते, आपल्या तारेचा संबंध येत नाही. मध्येच अडकलं की ती ‘थोड्या वेळाने या’वाली फाईल मागे राहते; दहा मिनिटांनी वर्डप्रेस ती मानत नाही, पण त्याआधी साईट हवी असेल तर एफटीपीने काढावी लागते. ती टिंबाने सुरू होते, त्यामुळे लपलेल्या फायली दाखवा असं सांगितल्याशिवाय दिसत नाही.

ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ पासून छोटी सुरक्षा अपडेट आपोआप होऊ लागली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतले खांब आडवे केले. १० जूनला ५.४.२ हे सुरक्षा अपडेट आलं तेव्हा दापोली-श्रीवर्धनकडे कित्येक घरांत वीज नव्हती. ज्यांचं होस्टिंग बाहेर आणि आपोआप अपडेट चालू, त्यांच्या साईटला मालकाची गरज पडली नाही. उलट प्रकारही झालाय. फेब्रुवारी २०१८ मध्ये ४.९.३ ने आपोआप अपडेट करणारी यंत्रणाच मोडली. दुसऱ्या दिवशी ४.९.४ आलं खरं, पण ते मालकानेच डॅशबोर्डवर जाऊन चढवायचं होतं.

आज हाताने करायची वेळ येते ती बहुधा विकत घेतलेल्या थीम आणि बुकिंगच्या प्लगिनसाठी. त्यांच्या परवान्याची मुदत संपली की बटण मुकं होतं. ऑगस्ट २०२० च्या ५.५ पासून अशी झिप डॅशबोर्डवरूनच जुन्यावर चढवता येते. फक्त थीमच्या फायलींत कोणी खोलीचे दर किंवा फोन नंबर थेट लिहिले असतील, तर ते पुसले जातात. मे महिन्याच्या गर्दीआधी ते एकदा उघडून बघावं.