राक्षसपार्टी ते गोकू : लढाईच्या अ‍ॅनिमेत मोठी माणसं का रमतात

१२ सप्टेंबर २०२५ ला 'डेमन स्लेयर' या जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकेचा, 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात लागला. सांगली-साताऱ्यातून कोल्हापूर-पुण्याची गाडी धरून तो बघायला गेलेल्यांत शाळकरी पोरं होती, तशी नोकरीधंद्यातली, लग्न झालेली मंडळीही होती. घरी आल्यावर या दुसऱ्या गटाला प्रश्न ठरलेला : "या वयात कार्टून?" राक्षस, तलवारी, उड्या, आरोळ्या म्हणजे पोरांचं काम, मोठ्यांनी बातम्या बघाव्यात, असा त्याचा अर्थ.

सांगलीकरांनी तरी हा प्रश्न विचारू नये. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी इथं खेळ करून गेली. ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत तसंच, पण जास्त नेटकं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' झालं आणि तीच तारीख आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. नाट्यपंढरी म्हणून मिरवताना त्या काळच्या खेळांत काय काय चालायचं हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. राळेचा भपका उडायचा, तोंडं रंगवलेली राक्षसपार्टी तलवारी परजत, आरडाओरडा करत यायची आणि देव-दानवांची जुंपायची. समोर बसलेले कोण? राजा, सरदार, कारभारी, शास्त्री. पुढं इंग्रजी शिकलेल्यांची लिखित संवादांची 'बुकिश' नाटकं आली आणि या खेळांना 'अललडुर्र' म्हणून नाकं मुरडायची पद्धत पडली. लढाईची गोष्ट पोरकट ठरायला आपल्याकडे खरी सुरुवात तिथून झाली, असं माझं मत आहे.

जपानात गोष्ट थोडी वेगळी घडली. तिथं दुसऱ्या महायुद्धानंतर पुस्तकं भाड्यानं देणाऱ्या दुकानांचं मोठं जाळं होतं आणि तिथून चित्रकथा नेणाऱ्यांत कारखान्यातले तरुण कामगारही होते. त्यांना गोंडस प्राण्यांच्या गोष्टी नको होत्या. १९५७ मध्ये योशिहिरो तात्सुमी यांनी आपल्या करड्या, मोठ्यांसाठीच्या चित्रकथांना 'गेकिगा' असं वेगळं नाव दिलं. १९५९ पासून सान्पेई शिराटो यांनी निंजांची एक दीर्घ कथा काढली. तिच्यात तलवारबाजी भरपूर होती, पण खरा विषय होता शेतकऱ्यांचं बंड. रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढीनं ती उचलून धरली.

या वाचकांचं वेड किती होतं ते १९७० मध्ये दिसलं. 'आशिता नो जो' ही मुष्टियोद्ध्याची कथा तेव्हा मुलांच्या साप्ताहिकात चालू होती. तिच्यात नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मरतो. नायकाशी लढता यावं म्हणून त्यानं उपाशीतापाशी राहून, पाण्याचा घोटही नाकारून वजन उतरवलेलं असतं. सामना तो जिंकतो आणि जीव गमावतो. २४ मार्च १९७० ला प्रकाशकाच्या इमारतीत या कागदावरच्या माणसाचा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शुजी तेरायामा यांनी पुढाकार घेतला, मंत्रपठण झालं, सुमारे ७०० माणसं आली. आठवडाभरानं, ३१ मार्चला, जहाल डाव्या गटानं जपानी प्रवासी विमानाचं अपहरण केलं आणि निवेदनात लिहिलं की आम्ही 'आशिता नो जो' आहोत. त्यांच्या कृत्याचं कौतुक करण्याजोगं काही नाही. पण मुलांच्या साप्ताहिकातली मारामारी तिथले वीस-पंचवीस वर्षांचे लोक किती मनावर घेऊन वाचत होते, याचा याहून मोठा पुरावा मिळणार नाही.

पडद्यावरच्या अ‍ॅनिमेला वळण लागलं ते पैशाच्या टंचाईतून. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, तोही तुटपुंज्या पैशात. मग चित्रांची संख्या कमी ठेवायची, चेहरा स्थिर आणि ओठ तेवढे हलते, एकच चित्र वेगवेगळ्या कोनांतून फिरवायचं, अशा युक्त्या निघाल्या. पुढच्या लढायांच्या मालिकांत याच युक्त्या अंगवळणी पडल्या. दोन वीर समोरासमोर उभे, वारा सुटलाय, आणि मिनिटभर कुणी हलत नाही. मनात मात्र हिशेब चाललेत : याचा उजवा हात दुखावलाय का, मी इथवर का आलो, मागं कोण राहिलं. हालचाल महाग आणि विचार स्वस्त, म्हणून मारामारीत एवढं मन शिरलं. लहान मुलं अशा जागी कंटाळतात, मोठी माणसं नेमकी तिथंच थांबतात.

दुसरा धक्का साप्ताहिकांचा. चित्रकथांचं 'शोनेन जंप' १९६८ मध्ये निघालं, १९६९ पासून साप्ताहिक झालं आणि १९९४ च्या अखेरीस त्याचा खप ६५ लाख प्रतींच्या वर गेला. मैत्री, मेहनत, विजय हे त्याचं घोषवाक्यच. अंकासोबत वाचकांसाठी पोस्टकार्ड असायचं. कुठल्या कथा आवडल्या ते वाचक कळवायचे आणि जी कथा सतत खाली राहील तिचा गाशा गुंडाळला जायचा. अकिरा तोरियामा यांचं 'ड्रॅगन बॉल' १९८४ मध्ये सुरू झालं तेव्हा ती हलकीफुलकी भटकंती होती. वाचकांचा जोर ओसरायला लागला तसा तोरियामा आणि संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी तिला गुरू, तालीम आणि कुस्तीच्या फडासारखी स्पर्धा यांच्याकडे वळवलं. आज ज्या साच्याला आपण लढाईचं अ‍ॅनिमे म्हणतो तो बराचसा या वळणावर तयार झाला.

त्या तालमीकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. म्हातारा गुरू रोशी हा नायक गोकू आणि त्याचा जोडीदार क्रिलिन या पोरांना पहिले कित्येक दिवस एकही डाव शिकवत नाही. पहाटे उठून घरोघर दूध घालायचं, तेही डोंगर चढून. मग नुसत्या हातांनी शेत नांगरायचं. पाठीवर वीस किलोचं कासवाचं कवच, आणि ते अंगवळणी पडलं की चाळीसचं. कवच उतरवल्यावर पोरं उडी मारतात ती आभाळात. पहाटे उठून जोर-बैठका काढलेल्या, आखाड्याची माती खोऱ्यानं ओढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं काही नाही. पुढं स्पर्धेच्या अंतिम लढतीत गोकूसमोर जॅकी चुन नावाचा कुणी म्हातारा उभा राहतो आणि त्याला हरवतो. तो असतो वेषांतर केलेला रोशीच. पहिल्याच झटक्यात जिंकलं तर पोरांच्या डोक्यात हवा जाईल, ही त्याची काळजी. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात तो असा. पुढच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीतही गोकू हरतो. जिंकतो तो तिसऱ्या खेपेला.

गोकूचं मूळ चिनी कथेतल्या सुन वुकाँग या वानरात आहे. भिक्षू ह्युएनत्सांगाच्या भारतयात्रेभोवती रचलेल्या लोककथांचा तो नायक. त्याच्या पूर्वजांत आपला मारुती आहे की नाही यावर अभ्यासक बराच काळ वाद घालत आलेत. चाफळ, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे अशा ठिकाणी समर्थांचे मारुती असलेल्या आणि प्रत्येक तालमीत शेंदराचा मारुती असलेल्या मुलखातल्या माणसाला शेपटीवाला बलवान पोरगा बघून काय वाटावं, ते सांगायला नको. खरा ह्युएनत्सांग इसवी सन ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता. त्यानं इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय : उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, अपमान करणाऱ्याशी निष्ठुर, आणि सूड घ्यायचा तर आधी शत्रूला सूचना देऊन मगच शस्त्र उचलणारे. आधी नाव-गाव सांगून, आव्हान देऊन मग लढणारी अ‍ॅनिमेतली पात्रं त्याला ओळखीची वाटली असती.

हरणं हा या मालिकांचा खरा मसाला आहे, आणि हरलेल्या लढतीची गोडी सातारा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्ण जिंकलं शोहाची इशी या जपानी मल्लानं, खाशाबांना हरवून. हरलेल्या युद्धातून उठणाऱ्या जपानला हेलसिंकीत मिळालेलं ते एकमेव सुवर्ण होतं. लागोपाठच्या कुस्त्यांमध्ये खाशाबांना विसावा मिळाला नाही आणि हरकत घ्यायला आपल्या पथकातलं कोणी जवळ नव्हतं, हे आजही पारावर सांगितलं जातं. पदकाइतकीच ती हुकलेली कुस्ती लक्षात राहिलीय. मोठ्या माणसाला निकालापेक्षा निकालाआधीचं आणि नंतरचं जास्त कळतं.

कुंडलच्या कुस्ती मैदानात हे दर वर्षी दिसतं. हलगी कडाडते, जोड आत येते, आणि निवेदक माइकवर सुरू होतो : पोरगं कुठल्या गावचं, वस्ताद कोण, बापानं खुराकासाठी काय विकलं, मागच्या साली याच मल्लानं त्याला कसं चितपट केलं. खडाखडी संपेपर्यंत दोन्ही बाजूंचं घराणं लोकांना पाठ झालेलं असतं. मग ढाक बसो नाही तर घिस्सा, माणसं उठून उभी राहतात. अ‍ॅनिमेत ऐन लढाईत पाच मिनिटं बालपण दाखवतात म्हणून वैतागणाऱ्यांनी हे निवेदन ऐकावं.

आपल्याकडे हे सगळं आलं तुकड्यातुकड्यानं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. ती मालिका जपानी होती हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. युगो साको आणि राम मोहन यांचा जपानी-भारतीय रामायणपट त्याच दशकातला. मग २००० नंतर केबलवर 'ड्रॅगन बॉल झी' आलं. तेव्हा महाराष्ट्रात भारनियमन जोरात, भाग चालू असताना वीज गेली की गोकू तिथंच अडकायचा. नुकसान फारसं व्हायचं नाही म्हणा. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं किती भाग चालली ते बघणाऱ्यांना आठवत असेल. छापील कथेला गाठू नये म्हणून मालिकेत पाणी घालत, तो हा प्रकार. तेव्हाची सहावी-सातवीतली पोरं आज तिशी-पस्तिशीत आहेत, घराचे हप्ते भरतायत. 'वन पीस' ही चित्रकथा १९९७ पासून चालू आहे, तिच्याबरोबर वाढलेला जपानी वाचकही आता चाळिशीला आला.

पण नुसत्या जुन्या आठवणींवर माणूस टिकत नाही. २००० नंतरच्या मालिकांनी शत्रूची बाजू उघडली. 'फुलमेटल अल्केमिस्ट' लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातल्या, सात वर्षं घरच्या शेतावर राबलेल्या. काही मिळवायचं तर तेवढंच मोजावं लागतं, हा त्या कथेचा नियम जनावरांचं शेण काढलेल्या हातानं लिहिलाय हे जाणवतं. तिच्यातल्या सैनिकांनी एका जमातीचा संहार केलेला आहे, त्यांपैकी काही जण कथेतले भले लोक आहेत, आणि त्यांना कुणी सहज माफ करत नाही. 'अ‍ॅटॅक ऑन टायटन' मध्ये तर तीन पर्व ज्यांना राक्षस समजलो त्यांच्या गल्लीत चौथं पर्व सुरू होतं. 'डेमन स्लेयर' मधला राक्षस मरताना त्याला माणूस असतानाचे दिवस आठवतात, आणि मारणारा तांजिरो त्याच्याशी माणुसकीनं वागतो. पहिल्या पाहण्यात शाळकरी पोराला तलवारीतून निघणारं पाणी दिसतं. त्याच्या आईला, भावंडांसाठी कोळसा विकायला गेलेला थोरला मुलगा दिसतो.

'फ्रीरेन' ही २०२३ मधली मालिका तर लढाई संपल्यावरच सुरू होते. राक्षसराजाला मारून चौघं परत येतात, दहा वर्षांची मोहीम झालेली. रात्री उल्का पडताना बघतात. हजाराहून जास्त वर्षं जगलेली फ्रीरेन सहज म्हणते, पन्नास वर्षांनी पुन्हा पडतील, तेव्हा याहून चांगली जागा दाखवते. पन्नास वर्षांनी ती येते तेव्हा नायक हिमेल टक्कल पडलेला, बुटका म्हातारा झालेला. ते उल्का बघतात, तो वारतो, आणि अंत्यविधीला तिला रडू फुटतं : दहा वर्षं बरोबर होते, मग याला जाणून का घेतलं नाही? विश्रामबागेतले आमचे एक निवृत्त शेजारी पुतण्याशेजारी बसून हा भाग बघत होते. "यात लढाई कुठाय?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा विचारत होते, "हिमेलच्या सोबत्यांतल्या त्या दाढीवाल्या बुटक्याचं पुढं काय झालं?"

सगळंच सोनं आहे असं नाही. किंचाळण्यात निम्मा भाग घालवणाऱ्या मालिका आहेत, बायकांना नुसतं शोभेला ठेवणाऱ्या तर पुष्कळ, आणि एकदा खप लागला की संपायचं नावच न घेणाऱ्याही. नव्यानं बघणाऱ्या मोठ्या माणसानं 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड' पासून सुरुवात करावी. ६४ भाग, आणि गोष्ट पुरी होते. 'वन पीस'चे हजाराहून जास्त भाग झालेत, ते निवृत्तीनंतर.